बटाट्यातलं पाणी

शंभर ग्रॅम बटाट्यात साधारण ऐंशी ग्रॅम पाणी असतं. उरलेल्या वीस ग्रॅमांत बहुतेक सगळा स्टार्च. भाजी करताना हा हिशेब मांडायची वेळ येत नाही; रस्सा करा की काचऱ्या, बटाट्यातलं पाणी काही बिघडवत नाही. पण तोच बटाटा कुस्करून, त्याचा गोळा वळून, तो गोळा उकळत्या पाण्यात सोडायचा म्हटलं की सगळं या ऐंशी ग्रॅमांवर येऊन ठेपतं. पाणी जास्त राहिलं तर गोळा पातेल्यात विरघळतो. ते शोषून घ्यायला भरमसाट मैदा घातला तर गोळा टिकतो, पण त्यात बटाट्याची चव शोधावी लागते.

इटलीपासून नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत युरोपात जागोजागी बटाट्याचे असे पाण्यात शिजवलेले गोळे करतात. कुठे ते अंगठ्याच्या पेराएवढे, कुठे मुठीत न मावणारे. कुठे पांढरेशुभ्र, कुठे राखाडी. कुणी आत खारवलेलं मांस भरतं, कुणी अख्खं जर्दाळू. बरीच वर्षं हे गोळे करत, खात आणि एकमेकांशी ताडून पाहत आले, आणि माझं मत असं झालं आहे की ही सगळी एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत: बटाट्यातल्या पाण्याचं काय करायचं? इटलीनं ते वाफेवाटे घालवलं. जर्मनीतल्या थुरिंगियानं पिळून काढलं. पोलंडमधल्या सिलेशियानं कोरडा स्टार्च घालून ते आवळून धरलं. स्लोव्हाकियानं पाण्याला हात न लावता पिठावर भिस्त ठेवली. म्हणून या पुस्तकाची प्रकरणं देशांच्या नावांनी लावलेली नाहीत, पाण्याच्या हिशेबानं लावली आहेत. आधी उकडलेल्या बटाट्याचे गोळे, मग कच्च्या बटाट्याचे, मग दोन्ही मिसळून केलेले, आणि शेवटी गोड.

गोळा मात्र बटाट्याच्या आधीचा आहे. पोपच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या बार्तोलोमेओ स्काप्पीचा पाकशास्त्रावरचा मोठा ग्रंथ 1570 साली आला. त्यातली न्योक्की, म्हणजे इटलीतले हे गोळे, पीठ आणि ब्रेडच्या चुऱ्याची आहेत. किसणीच्या पाठीवर दाबून वळलेली. व्हेरोना शहरात कार्निव्हलच्या शेवटच्या शुक्रवारी न्योक्कीची मिरवणूक निघते. सान झेनो वस्तीतून निवडलेला ‘पापा देल न्योको’ पांढरी दाढी लावून, मोठ्या काट्यावर टोचलेला भलाथोरला न्योक्को उंच धरून गावभर फिरतो. परंपरा असं सांगते की 1531 मध्ये अन्नान्न झालेल्या या वस्तीला तोम्मासो दा विको नावाच्या माणसानं पीठ, लोणी, चीज, पाव आणि वाइन वाटली, त्याची ही आठवण. त्या काळी व्हेरोनात बटाटा नव्हता. वाटलं गेलं ते पीठ, आणि न्योक्कीही पिठाचीच.

बटाटा आला तो अँडीज पर्वतातून. पेरू आणि बोलिव्हियाच्या पठारांवर तो हजारो वर्षं पिकत होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोहोचला. पण ताटात यायला त्याला पुढे जवळजवळ दोन शतकं लागली. लोक त्याला भीत होते, जनावरांपुढे टाकत होते. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला 1756 मध्ये बटाटे लावण्याचा हुकूम काढावा लागला. हुकमानं जे झालं नसतं ते पुढे भुकेनं केलं. 1770 ते 1772 या वर्षांत मध्य युरोपात पिकं बुडाली. 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढचं वर्ष युरोपला उन्हाळ्याविना गेलं. धान्य शेतातच सडलं. अशा वर्षांनी शेतकऱ्याला शिकवलं की गव्हानं दगा दिला तरी जमिनीखाली काहीतरी उरू शकतं.

बाईनं घरात काय केलं, ते मला त्या हुकमाहून महत्त्वाचं वाटतं. गोळा तिला येतच होता. पिठाचा डबा रिकामा होत आला तसा तिनं त्या गोळ्यात बटाटा घालायला सुरुवात केली. आधी थोडा, मग अर्धा, मग जवळजवळ सगळाच. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, ते ताणलं जातं, धरून ठेवतं. बटाट्यात ते नाही. म्हणजे जो पदार्थ पिठाच्या जोरावर उभा होता, तो पीठ काढून घेऊन उभा ठेवायचा होता. हे काम कुणा नामवंत आचाऱ्याच्या नावावर नाही. ते हजारो घरांत, आज गोळे फुटले तर उद्या काय बदलायचं, एवढ्याच विचारानं झालं, आणि त्यातून जे ज्ञान तयार झालं ते आजही कृतीत नीट लिहिता येत नाही. पेल्लेग्रिनो आर्तुसीनं 1891 साली फ्लॉरेन्समध्ये पदरचे पैसे घालून काढलेलं पुस्तक इटलीत अजून घराघरांत आहे. बटाट्याच्या न्योक्कीला तो 400 ग्रॅम बटाट्याला 150 ग्रॅम पीठ सांगतो, आणि पीठ का हवं हे सांगताना एका बाईंची हकिगत देतो: त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी पातेल्यात डाव घातला, तर आत काहीच नव्हतं. न्योक्की नाहीशी झाली होती.

आज चांगल्या हाताच्या इटालियन बायका आर्तुसीपेक्षा कमी पीठ घालतात. किलोभर बटाट्याला अडीचशे ग्रॅम, फार तर तीनशे. ते त्यांना जमतं, कारण पाणी आधीच घालवलेलं असतं. बटाटे सालासकट, अख्खे, गार पाण्यात घालून चढवायचे. कापून उकडले तर प्रत्येक कापातून पाणी आत शिरतं. शिजले की चटके सोसत गरमच सोलायचे आणि लगेच चाळणीसारख्या दाबयंत्रातून लाकडी पाटावर पाडून पसरायचे. या क्षणी बटाट्यातून जी वाफ निघते तीच आपली कमाई. बटाटा झाकून ठेवला, पातेल्यातच राहू दिला, तर ती वाफ परत त्यातच जिरते आणि मग तिच्यासाठी पीठ मोजावं लागतं. वाफ ओसरली की मैदा भुरभुरायचा आणि हात हलका ठेवून गोळा एकत्र आणायचा. आपल्या हाताला पोळीच्या कणकेची सवय असते. मळून मळून ती मऊ होते हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. इथे उलट होतं. जितकं मळाल तितक्या बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो, गोळा चिकट होतो आणि आणखी पीठ मागतो. मिक्सरमध्ये तर चुकूनही घालू नका. दहा सेकंदांत खळ तयार होईल.

मग अंगठ्याएवढ्या जाडीच्या वळ्या करायच्या, दोन सेंटिमीटरचे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकडा काट्याच्या दातांवरून अंगठ्यानं दाबत घरंगळवायचा. एका बाजूला रेघा उठतात, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा खळगा पडतो. रेघांत सॉस धरला जातो आणि खळग्यामुळे मधला भाग पातळ होऊन सगळं सारखं शिजतं. पाण्यात टाकल्यावर न्योक्की तळाशी जातात. आतली हवा तापून फुगली की वर येतात. वर आली की झाऱ्यानं काढायची. व्हेरोनात त्यांच्यावर घोड्याच्या मांसाचा बराच वेळ शिजवलेला रस्सा घालतात, सोरेंतोत टोमॅटो, मोझ्झारेला आणि तुळशीच्या कुळातली बेझिल घालून भट्टीत लावतात. मला स्वतःला लोण्यात परतलेली सेजची पानं पुरेशी वाटतात. व्हेनेतो भागात लोणी, साखर आणि दालचिनी घालून खायचीही जुनी रीत आहे, आणि लहान मुलांना ती एकदा जरूर देऊन पाहावी.

आता थुरिंगिया. या पुस्तकातलं सर्वांत लांबलेलं प्रकरण त्याचंच आहे, आणि ते मी मुद्दाम आखडतं घेतलेलं नाही. थुरिंगियाच्या गोळ्यांत, ज्यांना तिथे क्ल्योसे म्हणतात, पीठ मुळीच नसतं. अंडंही नसतं. नुसता बटाटा: दोन भाग कच्चा, एक भाग शिजवलेला. कच्चा बटाटा बारीक किसून कापडी पिशवीत भरून पिळतात, आणि पिळतात म्हणजे थेंब निघायचा बंद होईपर्यंत. त्यासाठी खास लाकडी दाबयंत्रं असत. पुढे पूर्व जर्मनीच्या काळात कित्येक घरांनी कपडे पिळायचं फिरकी यंत्र या कामाला लावलं, आणि त्या कामापुरतं वेगळं राखून ठेवलं. पिळून निघालेलं गढूळ पाणी फेकायचं नाही. ते पातेल्यात स्थिर राहू द्यायचं, आणि थोड्या वेळानं वरचं पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी पांढरा, घट्ट थर सापडतो. कुरडयांसाठी गहू वाटून चीक काढणाऱ्या बाईला इथे काही समजावून सांगायची गरज नाही. हे तेच काम आहे, गव्हाऐवजी बटाट्यावर केलेलं.

हा थर पिळलेल्या किसात मोडून मिसळतात. दरम्यान उरलेला एक भाग बटाटा शिजवून, घोटून, त्याची पातळसर पेज उकळत ठेवलेली असते. ती कढत पेज किसावर ओतायची आणि लाकडी डावानं जोर लावून घोटायचं. इथे हात हलका ठेवून चालत नाही. बटाट्याचा स्टार्च साधारण 60 अंश सेल्सियसच्या पुढे पाणी पिऊन फुगतो आणि धरू लागतो. कढत पेजेनं किसातला स्टार्च अर्धवट शिजतो आणि त्यालाच चिकटपणा येतो. पेज कोमट झाली असेल तर सगळी मेहनत वाया जाते. मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागलं की हात ओले करून मोठे गोळे वळायचे, आणि प्रत्येकाच्या पोटात लोण्यात तळलेले पावाचे दोन-तीन चौकोनी तुकडे. एवढ्या मोठ्या गोळ्याचा मधला भाग भरड आणि जड राहण्याची भीती असते. पावाचे तुकडे तिथली ओल घेतात आणि जागा मोकळी ठेवतात. नंतर वीसेक मिनिटं गरम पाण्यात, पण पाणी खळखळू द्यायचं नाही, नुसतं थरथरत ठेवायचं. रविवारच्या जेवणात भाजलेलं मांस, तांबडा कोबी आणि हे गोळे, हे तिथे घरोघर ठरलेलं आहे. वायमारजवळच्या हाइशेलहाइम गावात या गोळ्यांचं संग्रहालयही आहे. संग्रहालय उभारावं इतका विचार या पदार्थात आहेच, असं मला मनापासून वाटतं. बटाट्यातलं पाणी काढायचं, त्यातलं सत्त्व परत घ्यायचं आणि बटाट्यानंच बटाटा बांधायचा, याहून पूर्ण उत्तर मी कुठे पाहिलेलं नाही.

लिथुआनियाचे त्सेपेलिनाय याच घराण्यातले. तिथेही किसायचं, पिळायचं, तळचा स्टार्च परत घालायचा. पण आत खिमा किंवा ताजं दह्यासारखं चीज भरतात आणि गोळा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता वळतात. त्झेपेलिन या जर्मन हवाई जहाजाचा आकार, म्हणून हे नाव. किसलेला बटाटा हवेत काळा पडतो, त्यातल्या विकरांमुळे. तो पांढरा राहावा म्हणून लिथुआनियात आज पुष्कळ जणी त्यात क जीवनसत्त्वाची गोळी चुरून टाकतात. आपण लिंबू पिळलं तरी चालतं.

उत्तरेकडे पांढऱ्या रंगाचा हा आग्रह संपतो. नॉर्वेच्या पश्चिम भागात रास्पेबाल, ज्यांना गावोगाव कोमले, क्लूब अशी वेगळी नावं आहेत, कच्च्या बटाट्याचे आणि जवाच्या पिठाचे असतात, राखाडी असतात आणि भरपूर खारट मांसाबरोबर खातात. तिथे त्यांचा वार गुरुवार. रोममध्ये न्योक्कीचाही वार गुरुवारच. हा योगायोग मला फार आवडतो. रोममध्ये त्याला कारण आहे: शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी पोटभरीचं खायचं. स्वीडनमध्ये वाद वेगळा आहे. ओलांद बेटावर क्रॉपकाकूर नावाचे गोळे कच्च्या बटाट्याचे करतात, समोरच्या किनाऱ्यावर स्मोलांदमध्ये उकडलेल्या बटाट्याचे. आत दोन्हीकडे डुकराचं मांस आणि कांदा, वर लिंगोनबेरीचा मुरंबा. दोन्हीकडचे लोक आपलेच खरे म्हणतात. माझा कौल ओलांदला.

स्लोव्हाकियाच्या हालुश्कीवर मी थोडकंच लिहिलं आहे, कारण त्या पटकन होतात आणि तोच त्यांचा गुण. कच्चा किस, पीठ, मीठ कालवायचं आणि मोठ्या भोकांच्या झाऱ्यातून सरळ उकळत्या पाण्यात पाडायचं. वर मेंढीच्या दुधाचं ब्रिंझा चीज. पाणी काढायचं नाही, वळायचं नाही. कामावरून आलेल्या माणसाचं जेवण.

सिलेशियाची क्लुस्की मात्र आपल्या घरात सर्वांत आधी करून पाहावी अशी आहे. तिथल्या बायकांचं माप ऐका. उकडून, कुस्करून गार झालेला बटाटा पातेल्यात दाबून सपाट करायचा. बोटानं त्याचे चार समान भाग पाडायचे. एक भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि रिकाम्या झालेल्या जागेत बटाट्याचा स्टार्च काठोकाठ भरायचा. मग बाजूचा भागही परत घालून सगळं एकत्र करायचं. तराजू नको, वाटी नको. बटाटा कितीही असो, प्रमाण बरोबर येतं. काहीजणी एखादं अंडं घालतात, काही नाही. छोटे गोळे वळून मधोमध बोटानं खळगा करायचा, रस्सा साठायला. अंडं वगळलं आणि सैंधव घातलं तर यात बटाटा आणि स्टार्चखेरीज काहीच नाही, त्यामुळे उपासाच्या दिवशी दाण्याच्या आमटीबरोबर ही क्लुस्की बेलाशक चालते. आमच्याकडे ती आता एकादशीला होते.

गोड गोळ्यांचं प्रकरण छोटं आहे. ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठी वाखाऊ खोऱ्यात जर्दाळू पिकतात. बी काढून त्या जागी साखरेचा खडा ठेवलेलं अख्खं जर्दाळू बटाट्याच्या पारीत बंद करून उकळतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. चेक आणि हंगेरियन घरांत जर्दाळूऐवजी आलुबुखार. इटलीतल्या त्रिएस्तमध्येही आलुबुखाराची न्योक्की मिळतात, कारण पहिलं महायुद्ध संपेपर्यंत ते शहर ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग साम्राज्यात होतं. स्थलांतरितांनीही हे गोळे बरोबर नेले. अर्जेंटिनात गेलेल्या इटालियन कुटुंबांनी दर महिन्याच्या 29 तारखेला न्योक्की करायची रीत पाडली. पगार संपत आलेला असतो तेव्हाचं हे स्वस्त जेवण, आणि ताटाखाली एक नोट ठेवायची, पुढचा महिना बरा जावा म्हणून.

आता आपल्या बाजाराविषयी, कारण पत्रं बहुतेक याच प्रश्नाची येतात: कुठला बटाटा घ्यावा? पिठूळ, म्हणजे शिजल्यावर फुटणारा आणि कोरडा लागणारा हवा. नवा बटाटा, ज्याची साल नखानं निघते, तो पाणीदार असतो. तो भाजीला ठेवा. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, तो गोडसर लागतो आणि गोळा धरत नाही. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठाराचा पावसाळी बटाटा निघाला की तो थोडे आठवडे हवेशीर अंधारात मुरवून मी वापरते. भाजीवाल्याकडे ‘वेफर्सचा बटाटा’ मिळाला तर उत्तम. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं काढलेल्या कुफ्री चिप्सोनासारख्या जाती वेफर्ससाठीच, पाणी आणि साखर कमी असावी म्हणून निवडलेल्या आहेत. नाव कळलं नाही तरी अडत नाही. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि बटाटे सोडा. पिठूळ बटाटा जड असतो, तो बुडतो. पाणीदार तरंगतो. बुडलेले घ्या.

पुढच्या पानांवर मी पिठाची मापं दिली आहेत, पण ती किमान मापं आहेत आणि शेवटचा शब्द तुमच्या पातेल्याचा. सगळे गोळे वळण्याआधी एकच वळून पाण्यात सोडा आणि थांबा. कडा विरघळू लागल्या तर चमचाभर पीठ, कच्च्या बटाट्याचा असेल तर चमचाभर स्टार्च. रबरासारखा झाला तर पुढच्या खेपेला कमी. आणि गोळे मोजून करू नका, चार जास्तच करा. थुरिंगियात उरलेले क्ल्योसे दुसऱ्या दिवशी काप करून लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस परततात. रात्रभरात ते घट्ट झालेले असतात, त्यामुळे छान कापले जातात आणि कडा कुरकुरीत होतात. आमच्या घरी मुलं याच कापांची वाट पाहतात. त्यांच्यावर जिरं आणि मिरी भरडून घाला.